वरमाला गगनातून

खांब गावच्या सुशीलला ड्रोन उडवता येतो ही बातमी त्याच्या परवान्याआधी गावात पोचली, आणि तिथंच घात झाला. धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट सोडून पोरगा पुण्याला जाऊन शिकला, परीक्षा पास झाला, सरकारी परवाना घेऊन आला. त्याच्या डोक्यात विजेचे टॉवर होते, कारखान्यांच्या चिमण्या होत्या. त्या तपासायला कंपन्या चांगला पैसा मोजतात आणि कुणाची नोकरीही करावी लागत नाही. गावानं परवाना उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "ह्यानं लग्नातला हार उतरवता येतो काय रे?"

एकदा हौसेनं उतरवला त्यानं. ड्रोनला हार टांगून मांडवावरून अलगद नवरीमुलीच्या हातात. काय टाळ्या पडल्या! तेव्हापासून भावकीत लग्न निघालं की सुशील ठरलेला. घरचाच माणूस, त्याला पैसे कोण देणार? टॉवेल, टोपी, नारळ, आणि पहिल्या पंगतीचं पान. कंपन्यांना फोन केला की त्या म्हणत, आधीचं काम पाठवा. पाठवायला होते फक्त हार. मग पुन्हा फोन येत नसे.

अखेर पनवेलहून अपेक्षा नावाच्या बाईंचा फोन आला. त्या तपासणीची कंत्राटं घेत. "तुमचा तो हाराचा व्हिडिओ बघितला," त्या म्हणाल्या, आणि सुशीलचे कान तापले. "हसू नका. वाऱ्यात हार जागचा हलला नाही. हात चांगला आहे तुमचा. धाटावला एक चिमणी बघायचीय. पुढच्या गुरुवारी एकच दिवस भट्टी बंद राहणार आहे, उजाडल्यापासून अंधार पडेस्तोवर काम. हे जमलं तर वर्षभर तुम्हाला फुरसत देणार नाही मी."

सुशील "हो हो" म्हणाला आणि अंगणात नुसत्याच येरझाऱ्या घालत राहिला.

त्याच संध्याकाळी कमळाकरमामा पत्रिका घेऊन आला. सुरभीचं, त्याच्या मुलीचं लग्न. पेणच्या हॉलात, त्याच गुरुवारी. मामानं पत्रिका उघडून बोट ठेवलं. प्रेषक, निमंत्रक, किलबिल, सगळ्यांच्या वर जाड अक्षरात होतं : वरमाला गगनातून – चि. सुशील.

"आमदाराच्या पण वर टाकलाय तुला," मामा म्हणाला.

"मामा, गुरुवारी मला काम हाय."

"मग? आपलं बी गुरुवारीच हाय."

"धाटावला. पैशाचं."

"पैसे पायजेत तुला? मग तसं बोल ना मर्दा!" मामानं खिशात हात घातला.

सुशीलची आई सरू चुलीपासून उठलीच. "दादा, हात काढ बाहेर. अन् तू रे, सख्ख्या मामाकडनं पैसे घेशील?"

"आये, पैसे नाय मागत मी. काम हाय म्हणतोय."

"अन् हे काय हाय मग? खेळ?" मामाला खरंच कळेना.

"पेणचा साहिल हाय ना, माझ्याबरोबर शिकलेला. त्याला पाठवतो. माझ्यापेक्षा झकास करतो."

"त्याचं नाव छापलंय काय?" सरू म्हणाली. "सगळ्या गावांत पत्रिका गेल्या. हमरापूरचे व्याही विचारतील, भाचा कुठं? दादानं काय सांगायचं, चिमणीवर हाय?"

मामानं पत्रिका मिटून ठेवली. चहाही अर्धाच ठेवला. तो भांडला असता तर सुशीलही भांडला असता. बाप गेल्यावर ह्याच माणसानं त्याला शाळेत घातलं होतं. ते त्यानं कधी बोलूनही दाखवलं नव्हतं, आणि आजही दाखवलं नाही.

सुशीलनं अपेक्षाबाईंना फोन लावला. घरात लग्न आहे, दिवस बदलेल काय? "भट्टी माझ्या घरची नाही हो," त्या म्हणाल्या. मग, "घरचंच लग्न आहे ना? कळलं. दुसरा बघते." सुशीलनं साहिलचं नाव सुचवलं, तसा त्यांनी त्याचा नंबर मागितला. सुशीलनं दिला.

गुरुवारी हार उतरला. हॉलाबाहेरच्या पटांगणात वारा सुटला होता, तरी सुरभीच्या हातात फुलासारखा आला. मामानं भर मांडवात सुशीलला मिठी मारली. डोळे भरले होते त्याचे. सुशीलनं टॉवेल-टोपी घेतली, पाया पडला.

पंगतीत धोंडुआत्या शेजारी येऊन बसली. "पूजाचं ठरलं रे आमच्या. उद्या छापायला टाकायचीय पत्रिका. तुझं नाव वरतीच घेते हां."

"नको, आत्या. नाव नको टाकूस."

"का रे? रुसलास?"

"कामाला जायचंय मला."

"कुठल्या?"

सुशीलनं हातातला घास पानात ठेवला. "अजून मिळालं नाय."

"मग मिळालं की सांग," आत्या मायेनं म्हणाली, आणि त्याच्या पानात जिलेबी वाढायला लावली. "तवर असू दे नाव."