सेल चाखायची सवय

सन २०२३. मी सदुसष्ट वर्षांचा होतो. दाताच्या डॉक्टरीणबाई मशीन घेऊन माझ्या पुसदच्या दुकानात उभ्या होत्या. मी चौथी शिकलेला, पण रेडिओ-मिक्सर दुरुस्तीत माझं नाव हाये.

"काका, उद्या शुगरच्या पेशंटचा कॅम्प आहे. अन् हे चालूच होत नाही."

काम काय या मशीनचं, ते त्यांनी सांगितलं. शुगरवाल्यांचं तोंड कोरडं पडते, घास उतरत नाही, दात किडतात. दोन चिकट पट्ट्या कानापुढं गालावर लावायच्या. बारीक करंट नसा जाग्या करते, लाळ सुटते.

आत नऊ व्होल्टचा चौकोनी सेल होता. मी त्याची टोकं जिभेला लावली. आम्ही जुने कारागीर असंच तपासतो. झिणझिण आली तर सेल जिता, नाही तर मेला.

"मेला," मी म्हटलं.

शेजारून नवा आणला. तोही मेला. तिसराही.

"काहून रे गजानन, मुर्दे विकून राह्यला काय?" मी शेजारच्या दुकानदाराले आवाज दिला.

तो तणतणत आला. सेल स्वतःच्या जिभेला लावला अन् उडालाच. "आई गं! जिता हाये न दादाजी! तुमचीच जीभ मेली असन."

मले राग आला. चाळीस वर्षं या जिभेनं कधी धोका दिला नव्हता.

"काका, जीभ दाखवा," बाई म्हणाल्या.

"मी मशीन दुरुस्त करतो. माझी जीभ कायले पाहता?"

"दाखवा तर."

दाखवली.

"कोरडी पडलीय, म्हणून करंट कळला नाही. किती दिवस झाले, पाण्याच्या घोटाशिवाय भाकर उतरत नाही?"

दोन वर्षं बायको हेच विचारे. मी तिच्यावरच डाफरत होतो, भाकर वाळवून ठेवते म्हणून.

शेवटी खणातला मीटर काढला. तिन्ही सेल जिते, बाईंचा जुना धरून. मग वायर तपासली. पिनेजवळ आतून तुटली होती. कापली, नवी जोडली, सोल्डर मारला.

चालवून पाहायले बाईंनी पट्ट्या माझ्याच गालावर लावल्या. मुंग्या आल्या. पंधराएक मिनिटांनी जिभेखाली ओल जाणवली. थोडीच.

"म्हणजे बरा झालो?"

"नाही काका. यानं लाळ सुटायला मदत होते, तीही सगळ्यांना नाही. आधी शुगर तपासा. उद्या उपाशीपोटी या."

"उद्या दुकान हाये," मी म्हटलं.

दुसऱ्याच्या मालाले मेला म्हणण्याआधी आपलं हत्यार तपासावं. मले हे सदुसष्टाव्या वर्षी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा परत पाठवला. दुकान उघडलं नाही. कॅम्पमध्ये पहिल्या खुर्चीवर जाऊन बसलो.

"बाबा, शुगर आहे का?" नर्सनं विचारलं.

"असन," मी म्हटलं अन् बोट पुढं केलं.