गवतातला डायनासोर

सत्तरीच्या दशकात मी नागपूरच्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवत होतो. आमच्या विभागात तक्ते काढायला एक चित्रकार होते. पारशिवनीकडचे, साधारण माझ्याच वयाचे, बोलायला कमी. दिवसभर ते खडकांचे थर आणि जीवाश्म रंगवायचे. घरी जाऊन काय करतात ते मला एके दुपारी कळलं. त्यांनी माझ्या टेबलावर चोवीस पानांचं डायनासोरचं कॉमिक आणून ठेवलं. चित्रं, गोष्ट, अक्षरं सगळी त्यांचीच. छापूनही स्वतःच आणलेलं.

"सर, वाचा जी एकदा. गोष्ट जमली का नाही, थे तेवढं सांगा."

मी ते घरी नेलं. हरवलेली गाय शोधणारी एक पोरगी पेंच नदीकाठच्या उंच गवतात शिरते, आणि पलीकडे निघते ती डायनासोरच्या काळात. गाय जवळपासच असते, तिच्या गळ्यातली घंटा ऐकू येत असते. पुढच्या सहा चौकटींत डायनासोर दिसतच नाही. पोरगी खाली बसून परकराला चिकटलेली कुसळं काढते आहे आणि तिच्या मागचं गवत चौकटीगणिक थोडं थोडं वाकत जातं. सातव्या चौकटीत घंटा थांबते. नुसत्या काळ्या शाईच्या रेघा, पण एक काडी दुसरीसारखी नव्हती. पान उलटायला माझा हात धजेना. तिशी ओलांडलेला प्राध्यापक मी, चांगलाच भ्यालो.

आणि मग खिशातलं लाल पेन काढलं.

सवयच ती. मुलांच्या प्रॅक्टिकलच्या वह्या तपासाव्यात तसं अख्खं कॉमिक तपासलं. पंजाला बोटं किती, मान कुठवर वळते, काही म्हणून सोडलं नाही. गवताच्या सगळ्या चौकटींवर फुल्या मारल्या आणि समासात लिहिलं, "या काळी गवत नव्हते." शेवटच्या पानावर तारखेसह सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उभ्याउभ्याच पानं चाळली. "गवत नव्हतं? मंग हा लपते कुठं जी?"

"एवढ्या मोठ्या जनावराला लपायची गरज काय?" मी म्हणालो, आणि माझ्याच विनोदावर हसलो.

ते कॉमिक माझ्याच टेबलावर ठेवून गेले.

सहा महिन्यांनी दुसरा अंक आला. माझी प्रत्येक दुरुस्ती त्यात होती. बोटं बरोबर, मान बरोबर, जमीन उघडीबोडकी. डायनासोर पहिल्याच चौकटीत समोर उभा, आमच्या भिंतीवरच्या तक्त्यासारखा. बाण आणि नावं तेवढी घालायची राहिली होती. पोरगी पळते, तो मागे पळतो, संपलं.

"आता बरोबर आहे न जी?"

"अगदी बरोबर," मी म्हणालो. तिसरा अंक निघाला नाही.

निवृत्तीच्या तोंडावर एक बातमी वाचली. आमच्याच विदर्भात सापडलेल्या, दगड झालेल्या डायनासोरच्या शेणात गवताचे अंश मिळाले होते. म्हणजे गवत होतं, आणि कोणीतरी ते खातही होतं. असलं शेण मी वर्षानुवर्षं वर्गात दाखवत आलो होतो. आत काय असेल, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

बातमीचं कात्रण आणि तो पहिला अंक घेऊन मी बसने पारशिवनीला गेलो. ते नोकरी संपवून गावी परतले होते. गोठ्यातच भेटले. चष्मा लावून त्यांनी कात्रण सावकाश वाचलं आणि घडी करून परत दिलं. मी माफी मागितली. वाटेत पाठ करून ठेवली होती.

"गवताचं जाऊ द्या जी," ते म्हणाले. "गोष्ट कशी वाटली, थे तुम्ही सांगतलंच नाही."

"भ्यालो होतो मी," मी म्हणालो. "घंटा थांबते तिथे. पान उलटवेना."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"मंग तवाच सांगाचं होतं न जी," म्हणाले, आणि बादली उचलून म्हशीकडे गेले.