आमच्या घरचा बैरागी

काशीत एखाद्या माणसाला काहीच नकोसं झालं की लोक त्याच्या पाया पडायला लागतात. दुसऱ्या गावात त्याला डॉक्टरकडे नेतील. माझ्या धाकट्या भावाच्याही लोक पाया पडले, आणि त्या गोष्टीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पूर्वी तो नुसता अधाशी होता. थंडीत गल्लीत मलइयो, म्हणजे दुधाचा तो केशरी फेस, विकायला आला की हा दात न घासता पळायचा. अळूवडीच्या ताटाशी त्याला एकटं सोडायची आमच्याकडे सोय नव्हती. भांडायचाही तसाच, कडाकडा. नोकरीसाठी दिल्लीकडे गेला तेव्हा घर एकदम चिडीचूप झालं. आई आधीच गेलेली, त्यामुळे उरलो मी आणि बाबा. मी बँकेत, आणि बाबा संस्कृत शिकवून निवृत्त झालेले.

त्याचं काम विक्रीचं होतं. या महिन्याचं टार्गेट पुरं केलं की पुढच्या महिन्याचं वाढायचं. झोप उडवायला कुणीतरी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी भागेना तेव्हा नशेची पूड आली, नाकानं ओढायची. खोलीतल्या मित्राचा फोन आल्यावर मी जाऊन त्याला घेऊन आले. इथल्याच एका इस्पितळात काही आठवडे राहून तो घरी परतला. पूड सुटली होती, पण तिच्याबरोबर बाकीचंही सगळं सुटलं होतं. ताटात पडेल ते खायचा. एकदा आमटीत मीठ घालायला मी विसरले, तर मुकाट्यानं भुरकून उठला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून नीट सांगितलं होतं. डोक्यात एक वाट असते. काही चांगलं घडलं, आवडीचं खाल्लं, कुणी जवळ घेतलं की तिच्यावरून निरोप जातो, हे छान आहे, पुन्हा हवं. पूड त्या वाटेवर एवढा गलका करते की मेंदू हळूहळू ऐकणंच कमी करतो. "दारात रोज लाउडस्पीकर लागला की आपण खिडक्या लावून घेतो ना? स्पीकर बंद झाला तरी त्या लगेच उघडत नाहीत. छोटे आवाज आत येतच नाहीत." किती दिवस, मी विचारलं. महिने लागतील, कदाचित वर्ष, कदाचित जास्तही. "आणि ताण पडू देऊ नका. ताण आला की तोच मेंदू पूड मागायला लागतो. गप्प दिसला म्हणून बरा झाला असं समजू नका. येत राहा."

मी हे सगळं बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकूनही घेतलं. पण गल्लीनं वेगळंच काही ठरवलं होतं.

भाऊ दुपारभर भोसले घाटाच्या पायऱ्यांवर नदीकडे बघत बसायचा. कुणी चहा दिला तर घ्यायचा, नाही दिला तर मागायचा नाही. शेजारच्या काकू एकदा घरी आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "आपका बेटा तो एकदम बैरागी हो गया, गुरुजी. ना खाने का मोह, ना बोलने का." बाबांचा चेहरा असा उजळला की मला धस्स झालं. मग गल्लीतल्या देवीच्या दर्शनाला येणाऱ्या बायका आमच्या दारात थांबायला लागल्या. कुणी लग्न न ठरणारी मुलगी घेऊन यायचं, कुणी नुसताच नारळ ठेवायचं. भाऊ पाय मागे घ्यायचा, आणि लोक त्यालाच विनय म्हणायचे.

पुढच्या तपासणीच्या दिवशी बाबा म्हणाले, "आज राहू दे. तीन पिढ्या काशीत काढल्या आपण. मी जन्मभर वैराग्याचे श्लोक शिकवले, पण साधा चहा सुटला नाही माझा. लोक जे शोधायला इथं येतात, ते याला मिळालंय. त्यावर औषध द्यायचं?"

"बाबा, हे मिळालेलं नाही. हे हरवलेलं आहे," मी ओरडलेच. ते माळ घेऊन आत गेले. दोनदा, तीनदा असंच झालं.

शेवटी मी घाटावर जाऊन भावाच्या शेजारी बसले. म्हटलं, तूच सांग, काय आहे हे? तो म्हणाला, "ताई, मी काही सोडलं नाहीये. कशातच मन लागत नाही, बस. तू पुरण केलंस ते कळतं, गोड आहे तेही कळतं. पण छान नाही वाटत." थांबून, माझ्याकडे न बघता त्यानं पुढचं सांगितलं, "एकच चीज हवीशी वाटते. तीच. कुणी पाया पडायला वाकलं ना, की छातीत धडधड होते आणि तिचीच याद येते. लोक बंद कर, ताई. नाही तर मी जाईन परत."

त्या संध्याकाळी त्याला बाबांपुढे बसवून मी हेच पुन्हा बोलायला लावलं. बाबांच्या हातातली माळ थांबली.

दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रातून आलेली काही मंडळी काकूंबरोबर हार घेऊन दारात उभी राहिली. बाबा स्वतः पुढे गेले. म्हणाले, "तो विरक्त नाही. आजारी आहे. त्याला ताप असता तर हार घालायला आला असता का तुम्ही?" जन्मभर ज्यांच्या शब्दाला गल्ली मान देत आली, ते माझे बाबा दाराची चौकट धरून उभे होते. त्यानंतर दर खेपेला तेच त्याला ई-रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेत. येताना रस्ताभर त्याच्याशी बोलत. तो हूं म्हणायचा. बाबांना तेवढ्यावरही बोलता यायचं.

या पौषात बाबा गेले. झोपेतच गेले.

भावानं अग्नी दिला. पुरुष मंडळी परत आली ती डोळे विस्फारूनच. पोराच्या डोळ्यांतून टिपूस नाही म्हणे! दहाव्याला अमृतराव घाटावर पिंडदान झालं, तेव्हा मी मागे उभी होते. तिथंही कुणीतरी कुजबुजलं, पाहा, याला म्हणतात निर्मोही. मी त्या माणसाकडे असं बघितलं की तो दोन पायऱ्या खाली उतरला.

विधी संपल्यावर भाऊ माझ्याजवळ आला. मुंडन केलेलं डोकं, ओलं धोतर, थंडीनं निळे पडलेले ओठ.

"ताई, बाबा गेले ते मला कळतंय," तो म्हणाला. "पण आत पोचत नाहीये. एक दिवस पोचेल ना? तेव्हा तू जवळ राहा."

मी हो म्हटलं. तेव्हापासून मी माझ्या भावाच्या रडण्याची वाट बघते आहे.