पालीच्या जत्रेत तात्यांच्या वाटचं मटण

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढचं सांगताना माझ्या पोटात परत कळ येते.

माझ्या चुलत्यांच्या, तात्यांच्या हृदयात स्टेंट टाकली. डॉक्टरांनी मटण बंद केलं आणि लगेच आमच्या वेल्ह्याजवळच्या पालीची जत्रा आली. म्हणजे घरोघर जेवायला जायचं, नाही म्हटलं की घरवाले रुसणार. तात्या नाही म्हणतील? शक्यच नाही. मी बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करते, म्हणून राखणदार होऊन सोबत गेले.

पहिल्या घरी ताटं आली. तात्यांनी हात पुढं केला, तशी मी त्यांची वाटी ओढली. "ह्यांच्या वाटचं मी खाते."

"आगं, ऐक तरी..."

"तुम्ही गप्प भाकरी खा."

दुसऱ्या घरी आमच्या आधी मोबाईलवरून बातमी पोचली होती: तात्यांच्या पुतणीला मटण लई आवडतं, पण लाजती, म्हणून चुलत्याच्या नावानं घेती. वाटीच्या जागी वाडगा आला. दोन वाडगे, एक माझा आणि एक तात्यांच्या वाटचा!

तिसऱ्या घरच्या काकू म्हणाल्या, "तात्यांना दे की थोडं. एवढ्यानं काय हुतंय?"

झालं, मी सुरू. "काकू, शरीरात साफसफाई करणाऱ्या पेशी असतात. त्यांच्या अंगावर स्कॅव्हेंजर रिसेप्टर नावाची प्रथिनं असतात, हातांसारखी. जंतू, मेलेल्या पेशी, बिघडलेली चरबी उचलून आत टाकतात. त्यांच्यामुळंच आपण धड असतो. पण चरबी फार झाली तरी ते हात थांबत नाहीत. पेशी फुगते, रक्तवाहिनीच्या भिंतीत अडकते, तिथंच ढीग साचतो आणि वाट बंद होते."

"मग थांबत का न्हाईत?" काकूंनी माझ्या वाडग्यात आणखी दोन पळ्या ओतल्या.

"पुरे म्हणायची सोयच नसते त्यांना," मी म्हणाले आणि खाल्लं.

चौथ्या घरी जेवून उठले ती थेट उंबऱ्यावर बसले. उठताच येईना. मागून एक आजी ओरडली, "आरं हिला हलवा, पंगत अडलीया."

टेम्पोतून वेल्ह्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर माझं पोट दाबत म्हणाले, "तात्या, पेशंट तुम्ही होता ना?"

"व्हय. म्या नुसता ताटाला हात लावून कपाळाला लावनार व्हतो. आजारी मानसानं तेवढं केलं की घरवाल्याचा मान ऱ्हातो. ही बोलूच देईना."

मी भिंतीकडं तोंड फिरवलं.

"डॉक्टर," तात्या म्हणाले, "हिचं पथ्य माज्याकडं द्या. फुडल्या जत्रंला हिच्यासंगं म्या जातो."