परदेशातले पंच आणि मोऱ्याची म्हातारी

सानपाड्याच्या आमच्या फिल्म सोसायटीत दरवर्षी एक पोरखेळ चालायचा. परदेशातल्या मोठ्या महोत्सवात कुठल्या चित्रपटाला बक्षीस मिळणार, हे आम्ही चार टाळकी इथे बसून ठरवायचो. स्पर्धेतला एकही चित्रपट कुणी पाहिलेला नसायचा. पाहायची गरजच नाही, असं आमचं ठाम मत होतं. चित्रपट बघायचे नाहीत, पंच बघायचे. कोण कुठल्या देशाचा, कुणाचं कुणाशी पटत नाही, एवढं पेपरांतून गोळा केलं की झालं. आणि आमचं बरोबर यायचं, हेच वाईट झालं.

कारण एका वर्षी आमच्यातल्याच एकाचा चित्रपट स्पर्धेत गेला. खाडीपलीकडच्या मोरा गावाजवळच्या मिठागरावर त्याने तो काढला होता, नट न घेता, तिथलीच माणसं घेऊन. त्यात मुख्य काम केलेला मिठागरातला कामगार चित्रपट पुरा होईतो तापाने गेला. मागे म्हातारी बायको राहिली. तिच्याकडे नवऱ्याचा एकही फोटो नव्हता. मतदार ओळखपत्राचे फोटो काढायला माणसं आली, तेव्हा हा मिठाच्या बांधावर होता. "थेटरान लागला का मना सांगा," एवढंच ती आम्हाला म्हणायची.

थेटरात लागायचा तर बक्षीस हवं, असं निर्मात्याने स्पष्टच सांगितलं होतं. मग आम्ही पंच बघायला बसलो आणि अक्कल गहाण टाकली. एक म्हातारा पंच समुद्रकाठच्या गावचा निघाला. त्याला मीठ कळणारच, असं ठरलं. एक बाई दुष्काळी मुलुखातली होती. तिला घाम कळणार. एकाबद्दल काहीच माहिती मिळेना, तर तोही आपलाच धरला. हसू नका, आम्ही फार गंभीर होतो. दिग्दर्शक तर पेढे घेऊन मोऱ्याला गेला, मी बरोबर. म्हातारीने पेढा देवापुढे ठेवला, एकवीरेला नवस बोलली आणि शेजारणींना ओरडून सांगितलं, "आमचा धनी थेटरान येनार हाय!"

बक्षीस मिळालं नाही. निर्माता तिकडे गेला होता. त्याने आमच्या कोपऱ्यावरच्या पीसीओवर फोन करून कळवलं, वर म्हणाला, आता विषय संपला. एकुलती एक प्रिंट परत आली आणि त्याच्या कुलपात गेली. निदान एक कॅसेट काढून द्या म्हटलं, तर चोरून नकला निघतील म्हणाला. त्याचा मला आजही संताप येतो. संतापून काही कुलूप निघत नाही.

मोऱ्याला सांगायला आम्ही दोघंच गेलो. दिग्दर्शक ओट्यावर बसला आणि रडायलाच लागला, तेव्हा बोलणं माझ्यावर आलं. स्पर्धा, पंच, बक्षीस, सगळं मी समजावून सांगितलं.

मग म्हातारीने विचारलं, "त्या तिकरच्या मानसांनी बगला का आमच्या धन्याला?"

"बघितलं ना, मावशी."

"चालताना? टोपली घेऊन?"

"हो."

तिने पदराने तोंड पुसलं.

"त्यांची तं त्याच्याशी वलख पन नव्हती," ती म्हणाली. "मंग त्यांना दावला, नि मना का नाय?"