वसुधामावशींचं सातव्या खुंटीवरचं पोवळं

"सात नंबरवर जिवंत पोवळं? बेचाळीस सेंटिमीटर? अरे, पाण्याखाली गेला होतास की एडिसनच्या देशी हॉटेलात जेवायला?"

वसुधामावशी होडीत उभ्या राहून ओरडत होत्या. आवाज असा, की अवेळी भरती आली आणि आमच्या अमेरिकन नावाड्याने होडी बुडतेय समजून लाइफ जॅकेट चढवलं.

मावशी अमेरिकेत ॲन आर्बरच्या विद्यापीठात पोवळ्यांवर संशोधन करणाऱ्या. दर उन्हाळ्यात व्हर्जिन आयलंड्समधल्या एका चिमुकल्या बेटावर जायच्या. बेट एवढंसं, की एका टोकाला शिंकलं की दुसऱ्या टोकाचे लोक खिडक्या लावून घेत. तिथे समुद्रतळाशी पोलादी खुंट्या ठोकलेल्या. खुंटीपासून खुंटीपर्यंत टेप ताणायची आणि तिच्याखाली किती पोवळं जिवंत आहे ते मोजायचं. दरवर्षी त्याच खुंट्या, तीच रेघ. मी तिथून जवळच्याच ट्रॉय गावचा कॉम्प्युटरवाला. सुट्टी टाकून त्यांच्या हवेच्या टाक्या उचलायला जायचो.

एकदा मला बैलगाडीएवढा शार्क दिसला. मावशी शांतपणे म्हणाल्या, "सव्वा मीटर. आणि तो तुला घाबरून पळाला." त्यांच्यासमोर थाप मारणं म्हणजे टेलरला कंबर खोटी सांगणं.

सात नंबर म्हणजे सातव्या खुंटीजवळचं, त्यांनी मोजलेलं पहिलं पोवळं. मेंदूसारख्या वळ्यांचं, परातीएवढं. ट्रॉयच्या गणपतीत बाकीच्या मावश्या नातवंडांचे फोटो दाखवत. आमच्या मावशी याचा. "बघ, यंदा अर्धा सेंटिमीटर वाढलाय गुलाम!"

मग २००५ साली समुद्र तापला आणि गुलाम पांढराफटक पडला. "पांढरा म्हणजे मेला नाही," मावशी वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावत होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात पोचलो तर मावशींचा कान ठणकत होता, म्हणून खाली त्यांच्याऐवजी मी गेलो. जोडीला नावाड्याचा भाऊ. सात नंबरवर शेवाळाची गोधडी, म्हणजे मेलेलं. वर जाऊन हे सांगायचं कुणी? हातभर डावीकडे एक जिवंत पोवळं छान पिवळं दिसत होतं. मी टेप खुंटीवरून सोडवली, तिकडे सरकवली आणि बेचाळीसचा आकडा लिहिला.

"खरं सांग," मावशी आता हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचा हळू आवाज जास्त भयंकर.

"मावशी, टेप जरा... सरकवली. तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

"गप्पांमध्ये शार्क वाढव, मी अडवते का? पण इथे टेप सरकली, की मागची सगळी वर्षं खोटी. माझी टाकी आण."

"कान दुखतोय ना तुमचा? डॉक्टरने डायव्हिंग कॅन्सल करायला सांगितलंय!"

"डॉक्टर मोजणार आहे का सात नंबर?"

नावाड्यालाही त्यांना थांबवणं जमलं नाही. मीही मागोमाग उतरलो. दर हातभर उतरलं की त्या थांबायच्या, कानातला दाब सोडायला नाक दाबायच्या, डोळे मिटायच्या. तळाशी त्यांनी टेप खुंटीला परत अडकवली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत इंच न इंच बघितला. शेवाळ बाजूला केलं. पुन्हा बघितला. मग तळहात पोवळ्यावर ठेवला. हात लावायचा नाही, हा नियम मला त्यांनीच शिकवला होता.

वर आलो. मावशी कानावर टॉवेल दाबून बसल्या. होडी बेटाकडे वळली. माझ्या मांडीवर लिहायची पाटी.

"मावशी," मी म्हटलं, "निदान थोडी हळहळ तरी करा."

"केली," मावशी म्हणाल्या. "आता लिही. शून्य."