चंद्राहून परतीची डबल बेल

सावेडीतल्या त्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचं एक दार दिवसभर सताड उघडं असायचं. ते पुष्पावतीबाईंचं. चुकून आत शिरलेल्या कुरिअरवाल्यालाही तिथं पाणी मिळायचं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी गोडीत सांगून पाहिलं, चढ्या आवाजात सांगून पाहिलं. दार काही मिटलं नाही.

बाईंचं माहेर शनिशिंगणापूर. तिथल्या घराला चौकट होती, कवाड नव्हतं. ऊन आलं तर पडदा ओढायचा, कुत्रं आलं तर हाड म्हणायचं. कडी घालणं ही हाताची सवय आहे. ती लहानपणी लागली नाही तर पुढे लागणं कठीण. लग्न होऊन नगरला आल्या, नवरा लवकर गेला, मग एसटीत कंडक्टर झाल्या. नगर-मनमाड रस्त्यावर त्यांची अर्धी हयात गेली. मुलगा ओंकार शिकला, पुण्याला नोकरीला लागला. बाई निवृत्त होऊन सावेडीत एकट्या राहिल्या. बाजारात अजून कुणी ना कुणी हाक मारायचं, "काय मास्तर, आज गाडी कुठं?" बाईंना ते आवडायचं.

एके दिवशी त्या दार तसंच टाकून भाजीला गेल्या आणि गप्पांत दुपारपर्यंत रमल्या. खालच्या मजल्यावरची अलफिया तोवर त्यांच्या उंबऱ्यावर पुस्तक वाचत राखण करत बसली. गेलं काहीच नाही. पण गोष्ट ओंकारच्या कानावर गेली. आईला विसर पडायला लागला, असं त्याने ठरवलं. तिला पुण्याला न्यायचं, फ्लॅट भाड्याने द्यायचा. फोनवर रोज तोच विषय. बाईंचं उत्तरही रोज तेच. मला हितंच ऱ्हायचंय. पुण्यात त्या नुसत्या ओंकारच्या आई झाल्या असत्या.

अलफियाने नुकतंच मराठीत एमए केलं होतं. नोकरीचे अर्ज टाईप करायला ती ओंकारच्या जुन्या कॉम्प्युटरवर यायची. त्यात त्याच्या कॉलेजच्या दिवसांतला एक खेळ पडून होता, अवकाशयान चालवायचा. तिने सहज उघडला. पडद्यावर पृथ्वी सावकाश फिरायला लागली. बाई हातातला झारा घेऊन तशाच मागे उभ्या राहिल्या.

"ह्याला डायवर कोन हाय?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही मावशी. आपणच."

बाईंनी झारा टेबलावर ठेवला आणि अलफियाला उठवलं. आयुष्यभर त्या ड्रायव्हरच्या मागे उभ्या राहिल्या होत्या. स्टिअरिंगला कधी हात लागला नव्हता.

सूचना इंग्रजीत होत्या. अलफिया वाचायची, अर्थ सांगायची. बाई चष्मा नाकावर ओढून करून पाहायच्या. वर जायचं तर पुढे वेग घ्यायचा, खाली यायचं तर वेग मारायचा, हे त्यांना लवकर पटलं. इंजिन बहुतेक वेळ बंदच असतं, हे मात्र पटेना. बंद गाडी एवढी लांब जाते म्हणजे काय, असं त्या बरेच दिवस पुटपुटत होत्या.

चंद्र त्यांना दाद देईना. पहिल्यांदा त्यांनी चंद्राकडे नाक केलं आणि इंजिन पेटवलं. यान तिथं पोचलं तेव्हा चंद्र भलतीकडे गेला होता. पुन्हा तसंच. अलफिया म्हणाली, चंद्र रोज सरकतो. ईदच्या आधी आमची दादी गच्चीवर चंद्र शोधते, तेव्हा तीही कालच्या जागी बघत नाही.

 बाईंना नगर-मनमाड रस्त्यावरचा कोल्हारचा थांबा आठवला. शेतातून धावत येणारी माणसं खिडकीतून दिसायची. जी माणसं गाडी पाहून गाडीकडे पळायची, त्यांची गाडी चुकायची. जी गाडीकडे पाठ करून बांधाबांधाने थांब्याकडे पळायची, ती आधीच येऊन उभी असायची.

"गाडी दिसती तिकडं पळायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "ती जिथं येनार तिथं जायाचं."

त्यांनी इंजिन पेटवलं तेव्हा समोर चंद्र नव्हता. नुसता काळोख होता. पडद्यावरची यानाच्या वाटेची रेघ लांबत गेली, लांबत गेली आणि तिच्या टोकाशी चंद्र आपणहून येऊन उभा राहिला. अलफियाचा चहा निवून गेला. कवितांतून तिने चंद्र पुष्कळ वाचला होता. त्याला असं वाटेत गाठताना कुणाला पाहिलं नव्हतं.

मग परतीचं शिक्षण. पृथ्वीच्या हवेत शिरताना उभं शिरलं तर यान जळतं. फारच आडवं शिरलं तर हवेवरून उसळून पुन्हा बाहेर जातं. बाईंनी दोन्ही करून पाहिलं. प्रवरेच्या पाण्यावर चपटा दगड टप्पे खात जातो तसं एकदा यान पृथ्वीवरून निघून गेलं, तेव्हा त्या मनापासून हसल्या. दगड बुडायला हवा, पण आपटायला नको, हे ध्यानात आल्यावर हात बसला. नाक वर, पोट पुढे, आणि धीर.

म्हणून ओंकार आला त्या रविवारी त्यांनी त्याला मुद्दाम शेजारी बसवलं. या खेपेला पहिल्यांदाच पृथ्वीभोवती फिरणाऱ्या स्थानकापासून यान सुटलं, चंद्राला वळसा घालून परत फिरलं. ओंकारचा विश्वास बसेना. कॉलेजात त्याला स्वतःला कधी परत येणं जमलं नव्हतं. यान हवेत शिरलं. कोन बरोबर होता, वेग बरोबर होता. तरी नाकाकडून लाल झालं आणि बघता बघता तुकडे झाले.

ओंकारने पडद्यावर बोट ठेवलं. स्थानकाला जोडायला यानाच्या नाकावर एक झाकण असतं. सुटल्यावर ते मिटायचं असतं. बाईंनी मिटलंच नव्हतं. चंद्रापर्यंत जाऊन येईतो त्याने काही बिघडलं नाही, कारण तिकडे हवाच नसते.

"आई," तो हळूच म्हणाला, "घरी हेच होतं ना."

बाईंना ते लागलं. त्यांनी खेळ पुन्हा पहिल्यापासून लावला. मग म्हणाल्या, पुढच्या खेपेला ये. तुझ्यासमोर जाऊन येते. जळले तर पिशवी भरून तुझ्यामागं येते, एक शब्द बोलनार न्हाई. उतरले तर पुण्याचं नाव काढायचं न्हाई. ओंकार कबूल झाला. ती उतरणार नाही अशी त्याला खात्री होती, आणि त्याचं त्याला वाईटही वाटत होतं.

तो गेल्यावर अलफियाने बाईंची समजूत काढायला सुरुवात केली. बाईंनी तिला थांबवलं. त्या झाकणाचाच विचार करत होत्या. एसटीचं दार त्यांनी नोकरीत कधी उघडं ठेवलं नाही. दार खाडकन ओढायचं, मागे नजर टाकायची, मगच दोरी ओढून दोनदा घंटा. त्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नसे. मग इथं कसं राहिलं?

"त्यात झोपायचं, त्यातच खायाचं," त्या म्हणाल्या. "मी त्याला घर समजले गं. घराला कुटं दार असतंय? गाडीला असतंय."

आणि दुसरी चूक याहून मोठी. ड्रायव्हरची जागा मिळाल्याच्या आनंदात बाई आपल्यातल्या कंडक्टरला खाली विसरून आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी देव्हाऱ्यातली छोटी घंटा काढली, देवाला सांगून. कॉम्प्युटरच्या वर खिळा ठोकून दोरीने टांगली. नेम ठरला. डबल बेल दिल्याशिवाय इंजिन पेटवायचं नाही, हवेत शिरायचं नाही. आणि बेल द्यायच्या आधी खुर्चीतून उठायचं. बसल्या जागी ड्रायव्हर असतो, उभा राहतो तो कंडक्टर. उभं राहून सगळा पडदा पुढून मागे बघायचा. अलफियाला हसू आलं. दोन दिवसांनी हसू आलं नाही.

ओंकार आला. पुण्यातल्या खोलीत आईसाठी नवी गादी टाकून आला होता. ते त्याने सांगितलं नाही, पण बाईंना कळलं. त्याच्या आवडीचं शेंगोळं करून त्यांनी आधी त्याला जेवू घातलं आणि मग त्या खुर्चीत बसल्या. अलफिया भिंतीला टेकून उभी राहिली.

यान स्थानकापासून सुटलं. बाई उठल्या, बघितलं, झाकण मिटलं, दोरी दोनदा ओढली. इंजिन पेटलं. खेळातला काळ भराभर पुढे पळवल्यावर चंद्र आला. त्याच्या मागच्या अंगाला वेग मारून बाई त्याच्याभोवती फिरल्या. पुन्हा उठणं, पुन्हा घंटा, आणि परतीची वाट. ओंकार आता पुढे सरकून बसला होता.

पृथ्वी पडद्यात मावेनाशी झाली. हवा जवळ आली.

"आई, कोन बरोबर आहे. जाऊ दे," ओंकार म्हणाला.

"बेल कुटं झाली?"

बाई उठल्या. मागे सरून पाहिलं. त्यांचा हात दोरीपाशी जाऊन थांबला. यानाच्या पाठीवर उष्णता बाहेर टाकणारा पत्र्याचा पंख पसरलेला होता. चंद्राकडे जाताना त्यांनीच उघडला होता आणि मिटायला विसरल्या होत्या.  बाईंनी खाली वाकून कळ दाबली. पंख आत गेला. पुन्हा सरळ उभ्या राहून पुढून मागे पाहिलं आणि दोनदा घंटा दिली.

"विसरलीस ना," ओंकार म्हणाला. पण त्याचा आवाज बदलला होता.

"विसरले. म्हनून तर घंटा हाय. न विसरनारा मानूस मी अजून पायला न्हाई."

पडदा तांबडा झाला, पिवळा झाला. नाक वर, पोट पुढे. ओंकारने खुर्चीचा हात घट्ट धरला होता. मग रंग ओसरला, खाली समुद्र दिसला, किनारा दिसला. बाईंनी चाकं काढली. यान टेकलं, धावपट्टीवरून पळालं, ती संपली तरी पळालं आणि पलीकडच्या गवतात जाऊन उभं राहिलं.

"पट्टी संपली, आई."

"एसटी कवा थांब्यावर थांबलीय का? थोडी पुडं हुबी केली. पाशिंजर उतरलं का न्हाई ते सांग."

अलफिया खाली बसली.  ओंकार हसला. पुण्याचं नाव त्याने काढलं नाही.

संध्याकाळी तो निघाला. बाई त्याला स्टँडपर्यंत पोचवायला निघाल्या. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून त्याने सवयीने मागे पाहिलं. दार उघडंच होतं. मी घरात असले की ते उघडंच राहणार, असं त्यांनी त्याला दुपारीच बजावलं होतं. आता त्या उंबऱ्यापाशी उभ्या होत्या. खिळ्यावरची घंटा काढून त्यांनी दाराच्या चौकटीला बाहेरून बांधली होती. त्यांनी घरात पुढून मागे नजर फिरवली. गॅस, नळ, दिवा. मग दार खाडकन ओढलं, कुलूप घातलं, ओढून पाहिलं.

ओंकार पायरीवर थांबून राहिला. दोनदा घंटा वाजली, तेव्हा कुठे तो हलला.